आधी पूर्वपक्ष: इंग्लंडच्या सिक्स्थ फॉर्मला धर्माचं तत्त्वज्ञान शिकवायला निघालेल्यांसाठी

जुलैमध्ये शाळा सुटता सुटता पुढच्या वर्षाचं टाइमटेबल हातात पडतं. त्यात एखाद्या नव्या शिक्षकाच्या नावापुढे 'ए-लेव्हल रिलिजस स्टडीज, फिलॉसॉफी' असं लिहिलेलं असतं आणि त्याचा सगळा उन्हाळा काळजीत जातो. इंग्लंडमध्ये शिकवायला लागलेल्या तीन-चार मराठी मित्रमैत्रिणींनी याच काळजीने मला फोन केला. कुणाची पदवी इतिहासाची, कुणाची इंग्रजी साहित्याची. धर्म हा शाळेत शिकवायचा विषय असतो, हेच त्यांना नवं होतं. फोनवर जे तुकड्यातुकड्यांत सांगितलं, ते इथे नीट लिहिते आहे.

सिक्स्थ फॉर्म म्हणजे इथलं बारावं आणि तेरावं वर्ष, वय सोळा ते अठरा, शेवटी ए-लेव्हलची परीक्षा. आपल्या अकरावी-बारावीसारखंच, फक्त इथे मुलं साधारण तीनच विषय घेतात. म्हणजे समोर बसलेल्या प्रत्येकाने हा विषय स्वतः निवडलेला असतो. सोळाव्या वर्षापर्यंत जीसीएसईला (आपल्या दहावीसारखी परीक्षा) 'ख्रिस्ती लोक काय मानतात, मुस्लिम काय मानतात' हे ती शिकलेली असतात. आता प्रश्न बदलतो. 'हा युक्तिवाद टिकतो का?' हे विचारायचं असतं, आणि हा बदल मुलांना पहिल्याच आठवड्यात कळला पाहिजे.

वर्गात शिरण्याआधी आपल्या सवयी ओळखा

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला धर्म शाळेत भेटतो तो मराठीच्या पुस्तकातल्या अभंगांत, नाहीतर सणांच्या सुट्ट्यांत. त्यामुळे आपल्यापैकी काही जण हा विषय श्रद्धेने हाताळतात, तर काही जण अंधश्रद्धा खोडून काढायच्या आवेशाने. या दोन्ही सवयी चपलांसारख्या वर्गाबाहेर काढून ठेवाव्या लागतात. तिसरी सवय यांहून अवघड, कारण ती चांगुलपणासारखी दिसते. 'सगळे धर्म शेवटी एकच सांगतात' हे ते वाक्य. तुम्ही ते वर्गात उच्चारलंत की चर्चा तिथेच संपली. पाकिस्तानी मुस्लिम घरातला मुलगा, पोलिश कॅथलिक मुलगी आणि 'माझा कोणताच धर्म नाही' म्हणणारा मुलगा एकच गोष्ट सांगत नसतात, आणि त्यांना ते पक्कं ठाऊक असतं. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या ४६.२ टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटलं आणि ३७.२ टक्के लोकांनी 'धर्म नाही' असं नोंदवलं. तुमचा वर्ग साधारण असाच दुभंगलेला असणार, शिवाय शहरानुसार त्यात मुस्लिम, हिंदू, शीख मुलं असणार.

या वर्गासाठी उपयोगी पडणारी एक गोष्ट मात्र आपल्याकडे तयार आहे. शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाची बाजू, मांडायची, मग उत्तरपक्ष, म्हणजे तिला उत्तर, मग सिद्धान्त. पूर्वपक्ष असा मांडायचा की तो मानणारा माणूस समोर असता तर म्हणाला असता, 'हो, मला हेच म्हणायचं आहे.' मी अकरा वर्षं हा विषय शिकवते आहे आणि माझ्या वर्गात पक्का नियम हा एकच आहे: ज्याला खोडायचं त्याची बाजू आधी त्याच्यापेक्षा चांगली मांडा. खाली जे लिहिलंय ते सगळं याच नियमाच्या पोटात येतं.

उन्हाळ्यात परीक्षेचा कागद वाचा, मग पुस्तकं

शाळा कोणत्या बोर्डाची परीक्षा घेते ते आधी विचारा. ओसीआर, एक्यूए, पिअर्सन एडेक्सेल, एड्युकास यांचे अभ्यासक्रम एकमेकांसारखे दिसतात, पण प्रश्नांची ठेवण वेगळी असते. मी ओसीआर शिकवते, म्हणून उदाहरणं त्यातली. तीन पेपर, त्यातला एक धर्माच्या तत्त्वज्ञानाचा. वेळ दोन तास, गुण १२०. चार प्रश्नांतले तीन सोडवायचे, प्रत्येकी ४० गुण. म्हणजे एका निबंधाला बरोबर चाळीस मिनिटं. ४० पैकी १६ गुण माहिती आणि आकलनाचे, २४ गुण विश्लेषण आणि मूल्यमापनाचे.

हे आकडे टेबलाला चिकटवून ठेवा. नवे शिक्षक जवळजवळ सगळे वर्षभर सोळा गुणांचं शिकवतात: प्लेटो काय म्हणाला, अ‍ॅरिस्टॉटल काय म्हणाला. मुलांच्या वह्या भरतात आणि मार्चमध्ये लक्षात येतं की चोवीस गुणांसाठी काहीच झालेलं नाही.

विषय ठरलेले असतात. प्राचीन ग्रीक पार्श्वभूमी, आत्मा आणि शरीर, ईश्वराच्या अस्तित्वाचे युक्तिवाद, धार्मिक अनुभव, दुःख आणि दुष्टतेची समस्या, ईश्वराचं स्वरूप, धार्मिक भाषा. धार्मिक अनुभवाचा भाग मुलांना आपोआप आवडतो, विल्यम जेम्सने १९०२ मध्ये सांगितलेली चार लक्षणं ती एका तासात पाठ करतात. त्यावर फार तास खर्चू नका. ते तास युक्तिवादांसाठी लागतील.

एक सूचना आपल्या लोकांसाठी खास. या अभ्यासक्रमातला 'गॉड' म्हणजे एक, सर्वशक्तिमान, सर्वज्ञ, पूर्णतः चांगला, शून्यातून जग निर्माण करणारा. आपल्या मनातला ईश्वर नकळत त्याच्या जागी येऊन बसतो. घडा आहे म्हणजे कुंभार असणार, हे न्यायदर्शनातल्या उदयनाचार्यांच्या वळणाचं अनुमान आपल्याला जवळचं, आणि ते वर्गात जरूर सांगा, मुलांना फार आवडतं. पण न्यायमताचा ईश्वर आधीपासून असलेल्या परमाणूंतून जग घडवतो, शून्यातून नाही. हा फरक न सांगता दोन्ही एकत्र केलंत तर मुलांचा गोंधळ होईल. अभ्यासक्रमात उदयनाचार्यांचं नाव नाही, तेव्हा ते जोड म्हणून द्या, मुख्य जेवण म्हणून नको.

पहिला आठवडा: चारच शब्द

पहिल्या आठवड्यात एकही तत्त्वज्ञ शिकवू नका. चार शब्द शिकवा: आधारविधान, निष्कर्ष, डिडक्टिव्ह, इंडक्टिव्ह. आपल्याकडे अकरावीला तर्कशास्त्र घेतलेल्यांना हे सोपं वाटेल, इथल्या मुलांना ते पूर्ण नवं असतं. आधारविधानं खरी असली तर निष्कर्ष खोटा असूच शकत नाही, तो युक्तिवाद डिडक्टिव्ह. आधारविधानं निष्कर्षाला फक्त बळकटी देतात, तो इंडक्टिव्ह. मुलांना त्यांच्याच आयुष्यातली वाक्यं द्या. 'दहा मिनिटं झाली, बस आली नाही, म्हणजे आज संप असणार.' हे कोणत्या जातीचं? निष्कर्ष खोटा ठरायला काय घडावं लागेल? अर्ध्या तासात फळा भरतो.

याच आठवड्यात एक सवय मोडायला घ्या. 'आय फील' या शब्दांनी सुरू होणारं वाक्य अपुरं समजायचं. हाकलून द्यायचं नाही, पुढे विचारायचं: 'असं वाटण्यामागचं आधारविधान कोणतं?' डिसेंबरपर्यंत मुलं एकमेकांना हेच विचारू लागतात.

एक युक्तिवाद हाताने उघडून दाखवा

माझ्या मते सगळ्यात आधी अकराव्या शतकातला ख्रिस्ती साधू अ‍ॅन्सेल्मचा युक्तिवाद घ्यावा, जरी पुस्तकांत तो मागाहून येत असला तरी. पाच ओळींचा आहे, त्यात निरीक्षण काहीच नाही, आणि पहिल्यांदा ऐकल्यावर प्रत्येकाला वाटतं की यात काहीतरी फसवणूक आहे, पण बोट कुठे ठेवायचं ते कळत नाही. शिकवायला याहून चांगली परिस्थिती नाही.

मी कागदाच्या पाच पट्ट्या कापते आणि प्रत्येक तीन मुलांच्या गटाला एक संच देते, क्रम विस्कटून. पट्ट्यांवर असं असतं:

ईश्वर म्हणजे ज्याहून थोर काही कल्पिताच येत नाही असं काहीतरी.

'ईश्वर नाही' म्हणणाऱ्या मूर्खाच्याही मनात ही कल्पना आहे.

फक्त मनात असण्यापेक्षा मनात आणि प्रत्यक्षातही असणं अधिक थोर.

ईश्वर फक्त मनात असेल, तर त्याहून थोर असं काही कल्पिता येईल.

पण ज्याहून थोर काही कल्पिता येत नाही त्याहून थोर कल्पिता येणं हा विरोध आहे. म्हणून ईश्वर प्रत्यक्षातही आहे.

पहिली दहा मिनिटं फक्त क्रम लावायचा. वाद घालायला बंदी. कुणी म्हणालं 'मिस, हे मूर्खपणाचं आहे', तर मी एवढंच सांगते की अजून आपण ऐकतो आहोत. क्रम लागला की प्रत्येक गटातल्या एकाने पट्ट्यांकडे न बघता तो युक्तिवाद सांगायचा, स्वतः अ‍ॅन्सेल्म असल्यासारखा. त्यानंतरच प्रश्न टाकायचा: 'कोणती पट्टी ओढून काढली तर बाकीचं कोसळेल?'

मग गंमत सुरू होते. मुलं तासाभरात स्वतःहून तिथे पोचतात जिथे मोठी माणसं पोचली होती. कुणी पहिल्या-दुसऱ्या पट्टीवर हात ठेवतं: ही कल्पना खरंच आपल्या मनात आहे का, की नुसते शब्द आहेत? तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसची शंका या बाजूची: ईश्वराचं स्वरूप आपल्याला ठाऊक नाही, मग त्याचं असणं आपल्यासाठी स्वयंसिद्ध कसं? कुणी तिसरी पट्टी उचलतं: 'असणं' ही थोरपणात भर घालणारी गोष्ट आहे का? हा जर्मन तत्त्वज्ञ कांट. प्रत्यक्षातल्या शंभर थालर नाण्यांत कल्पनेतल्या शंभर थालरांपेक्षा एक नाणंही जास्त नसतं. 'आहे' म्हटल्याने वस्तूच्या वर्णनात काहीच वाढत नाही. आणि दरवर्षी कुणीतरी कोपऱ्यातून विचारतं की याच पद्धतीने मी सर्वोत्तम पिझ्झा सिद्ध करू का. तो क्षण पकडा. गाउनिलो नावाच्या साधूने अकराव्या शतकात पिझ्झाऐवजी हरवलेलं बेट घेतलं होतं, एवढाच फरक.

त्या मुलाचं कौतुक करा, पण तिथे थांबू नका. अ‍ॅन्सेल्मने उत्तर दिलं होतं: हा युक्तिवाद बेटाला लागू नाही, ज्याहून थोर काही कल्पिताच येत नाही अशा एकाच गोष्टीला लागू आहे. विसाव्या शतकात प्लांटिंगा या तत्त्वज्ञाने त्यात भर घातली: बेटात एक झाड वाढवलं तर ते आणखी चांगलं होतं, त्याला कमाल मर्यादा नाही. हे उत्तर पुरतं का? इथे वर्ग दोन तट पडून भांडतो आणि घंटा होते.

दोन गोष्टी या तासात सांगितल्याच पाहिजेत. गाउनिलो नास्तिक नव्हता, ख्रिस्ती साधू होता. अक्वायनसही अर्थातच श्रद्धावान. युक्तिवाद नाकारणं म्हणजे ईश्वर नाकारणं नव्हे, ही गोष्ट श्रद्धावान मुलांना फार मोकळं करते आणि नास्तिक मुलांना जरा थांबवते. दुसरी गोष्ट मला स्वतःला फार प्रिय आहे. गाउनिलोचे आक्षेप आणि आपलं उत्तर हे दोन्ही आपल्या ग्रंथासोबतच नकलून ठेवावेत, असं अ‍ॅन्सेल्मनेच सांगितलं होतं. आपल्याला खोडणाऱ्याचं म्हणणं आपल्या पुस्तकाच्या शेवटी कायमचं जोडून ठेवणारा माणूस. अक्वायनसची तर लिहिण्याची पद्धतच ही: प्रत्येक प्रश्नाला आधी आक्षेप, मग आपलं मत, मग एकेका आक्षेपाला उत्तर. 'ईश्वर आहे का?' या त्याच्या प्रश्नाखाली पहिलाच आक्षेप जगातल्या दुष्टतेचा आहे. आपल्या पूर्वपक्षाची ही सख्खी भावंडं. मुलांना हे सांगितलं की नियम माझा एकटीचा राहत नाही.

भिंतीवर सनावळी लावा

हे दोन मिनिटांचं काम, पण टाळू नका. ए-लेव्हलच्या निबंधांतली सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे 'पेलीच्या घड्याळाला ह्यूमने उत्तर दिलं.' (पेलीचा युक्तिवाद असा: घड्याळ पाहून घड्याळजी असणार असं आपण म्हणतो, तसं जगातली जुळणी पाहून निर्माता असणार. ह्यूम हा अशा तुलनेचा टीकाकार.) ह्यूम १७७६ मध्ये वारला, त्याचे संवाद १७७९ मध्ये छापले गेले आणि पेलीचं पुस्तक आलं १८०२ मध्ये. डार्विन १८५९. वर्गाच्या मागच्या भिंतीवर दोरी बांधून त्यावर चिमट्यांनी कार्डं अडकवा आणि नवं नाव आलं की मुलांनाच उठून कार्ड लावू द्या. चूक सुधारली की प्रश्नही धारदार होतो: ह्यूमची टीका आधीच उपलब्ध असताना पेलीने हा युक्तिवाद कशाच्या जोरावर मांडला? त्याने काय वेगळं केलं?

दुष्टतेची समस्या: इथे घाई करू नका

हा भाग मी सगळ्यात जास्त वेळ शिकवते, आणि माझी सगळ्यात मोठी चूकही इथलीच.

शिकवण्याच्या दुसऱ्या वर्षी, चांगला ईश्वर असताना जगात दुःख का, यावरची जॉन हिक या तत्त्वज्ञाची मांडणी मी समजावत होते. जग हे सुखाचं घर म्हणून केलेलं नाही, माणसाचा आत्मा घडावा म्हणून केलेलं आहे. दुःखाशिवाय धीर, करुणा, क्षमा हे गुण येणार कुठून. मी उत्साहात होते. दुसऱ्या रांगेतली एक मुलगी शांतपणे म्हणाली, "म्हणजे माझा भाऊ कुणाचा तरी आत्मा घडावा म्हणून गेला?" आणि बॅग घेऊन बाहेर पडली. तिचा भाऊ त्याच उन्हाळ्यात गेला होता. तिच्या हाउस ट्यूटरला (मुलांची वैयक्तिक काळजी बघणाऱ्या शिक्षकाला) ते ठाऊक होतं. मी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून काही गोष्टी मी न चुकता करते, तुम्हीही करा. भाग सुरू होण्याच्या पंधरवडा आधी प्रत्येक विद्यार्थ्याच्या ट्यूटरला विचारा की घरात काही घडलंय का. आठवडाभर आधी मुलांना सांगा की पुढचे तास कशावर आहेत, आणि ज्याला बाहेर जावंसं वाटेल त्याने न विचारता जावं, ग्रंथालयात बसावं, अभ्यास नंतर भरून देईन. पहिल्या तासाच्या पहिल्या वाक्यात फरक स्पष्ट करा: आपण इथे काही विधानं एकमेकांशी जुळतात का ते पाहतो आहोत, दुःखात असलेल्या माणसाला काय म्हणावं हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला हिकचं पुस्तक उत्तर नाही. ती मुलगी पुढच्या आठवड्यात परत आली, आणि तिचाच आक्षेप आम्ही पुढे वर्षभर वापरला, तिच्या संमतीने. एकाच्या दुःखातून दुसऱ्याचा आत्मा घडत असेल, तर तो चांगल्या ईश्वराला शोभणारा व्यवहार आहे का? हिकवरचा हा खरोखर भक्कम आक्षेप आहे.

आता मांडणी. मॅकी या तत्त्वज्ञाने १९५५ मध्ये समस्या तीन विधानांत आवळली: ईश्वर सर्वशक्तिमान आहे, ईश्वर पूर्णतः चांगला आहे, तरीही दुष्टता आहे. तिन्ही एकदम खरी असू शकत नाहीत असा त्याचा दावा. तीन विधानं फळ्यावर त्रिकोणात लिहा आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक उत्तराला एकच प्रश्न विचारा: हे उत्तर कोणत्या विधानाला हात लावतं? ऑगस्टीन म्हणतो दुष्टता ही स्वतंत्र वस्तू नाही, चांगल्याचा अभाव आहे. तो तिसऱ्याला हात लावतो. इच्छास्वातंत्र्याची बाजू घेणारे 'सर्वशक्तिमान' या शब्दाचा अर्थ तपासतात. हिंदू घरातलं कुणी म्हणेल, 'आमच्याकडे हा प्रश्नच नाही, कर्म आहे.' त्यालाही तोच प्रश्न विचारा. ब्रह्मसूत्रांतही हा आक्षेप 'वैषम्य' आणि 'नैर्घृण्य' या शब्दांत घेतला आहे, ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरतो का म्हणून, आणि तो कर्माची अपेक्षा ठेवून फळ देतो असं उत्तर दिलं आहे. मग असा ईश्वर पहिल्या विधानातल्या अर्थाने सर्वशक्तिमान राहतो का? मुलगा विचारात पडतो, आणि 'आमच्याकडे प्रश्नच नाही' म्हणणं आपोआप थांबतं.

मग विल्यम रो या अमेरिकन तत्त्वज्ञाचं उदाहरण, १९७९ मधलं. जंगलात वणवा लागतो, हरणाचं पाडस भाजतं, काही दिवस तडफडून मरतं. कुणी बघत नाही, कुणाला त्यातून काही शिकायला मिळत नाही. रो विरोध सिद्ध करत नाही, एवढंच म्हणतो की अशा दुःखाला पुरेसं कारण असण्याची शक्यता फार कमी आहे. मॅकी आणि रो यांतला हा फरक म्हणजे पहिल्या आठवड्यातले डिडक्टिव्ह आणि इंडक्टिव्ह. तेव्हाची वही उघडायला लावा.

नैसर्गिक दुष्टतेसाठी इथली सगळी पुस्तकं लिस्बन देतात. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, लोक चर्चमध्ये, मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंप, मग समुद्र, मग आग. मी त्याच्या शेजारी किल्लारी ठेवते. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट, चारच्या सुमारास. मी तेव्हा आठ वर्षांची होते, लातूरला. अंगणात काढलेल्या सतरंजीवर आम्ही सगळे उजाडेपर्यंत बसून होतो आणि आजी कुणाशी तरी भांडल्यासारखी देवाशी बोलत होती. वर्गात मी एवढं सांगते आणि थांबते, कारण पुढचा मुद्दा महत्त्वाचा आहे. किल्लारीत माणसं मेली ती बहुतांशी घरांखाली: जाड दगडी भिंती, मातीत रचलेल्या, वर माळवदाचं ओझं. मग ही दुष्टता नैसर्गिक की माणसाने केलेली? रूसोने १७५६ मध्ये व्हॉल्तेअरला पत्र लिहून लिस्बनबद्दल नेमकं हेच विचारलं होतं: सहा-सात मजली वीस हजार घरं तिथे निसर्गाने तर बांधली नव्हती. इथे मुलं स्वतःच तुर्की आणि नेपाळचे भूकंप आठवतात, इमारतींचे नियम, गरिबी, कंत्राटदार. एका मुलाने मग विचारलं, "सगळी घरं पक्की असती तरी भूकंप झालाच असता. तो का?" हा प्रश्न मी फळ्यावर लिहून ठेवते आणि त्या दिवशी पुसत नाही.

'मिस, तुम्ही देव मानता का?'

दुसऱ्या-तिसऱ्या तासाला हा प्रश्न येतोच. इंग्लंडमधल्या शिक्षकांच्या मानकांत स्पष्ट आहे की आपले वैयक्तिक विश्वास विद्यार्थ्यांच्या असहायतेचा फायदा घेईल अशा रीतीने मांडायचे नाहीत. त्यामुळे सांगायलाच बंदी आहे असं नाही, आणि काही चांगले शिक्षक सांगतातही. मी सांगत नाही. 'तेराव्या वर्षाची शेवटची परीक्षा झाल्यावर या, सांगेन' एवढंच उत्तर देते. कारण साधं आहे. सोळा वर्षांचं मूल शिक्षकाच्या मताकडे झुकतं, किंवा मुद्दाम उलट जातं. दोन्हींत त्याचा स्वतःचा विचार मागे पडतो. तुमचं मत मुलांना ओळखता येत नसेल तर समजा तास बरा चालला आहे. माझ्या मागच्या बॅचमध्ये निम्म्या मुलांना मी नास्तिक वाटत होते आणि निम्म्यांना श्रद्धाळू, यावर मी समाधानी आहे.

आणि घरून येणारा फोन. 'आमच्या मुलीला तुम्ही नास्तिकपणा शिकवता' किंवा 'आमच्या मुलाला चर्चमध्ये पाठवायचा तुमचा विचार आहे का', दोन्ही प्रकार येतात. बचाव करत बसू नका. पालकांना बोलवा आणि मुलाची वही दाखवा, ज्यात एका पानावर ईश्वर मानणारा कोपलस्टन आहे आणि समोरच्या पानावर न मानणारा रसेल. १९४८च्या बीबीसी रेडिओवरच्या त्यांच्या चर्चेचा उतारा मी अशा वेळी पालकांच्या हातात देते. दोन माणसं पूर्ण असहमत आहेत आणि किती सभ्यपणे बोलताहेत, हे वाचून बहुतेक पालक शांत होतात.

धार्मिक भाषा

हा भाग कोरडा म्हणून बदनाम आहे. 'देव माझ्यावर प्रेम करतो' हे एकच वाक्य घ्या आणि सगळे आठवडे त्याच्याशीच राहा. ब्रिटिश तत्त्वज्ञ एअर १९३६ मध्ये म्हणतो की ते पडताळता येत नाही, म्हणून अर्थहीन. फ्लू विचारतो की काय घडलं तर तुम्ही हे वाक्य मागे घ्याल. मिचेल युद्धातल्या गनिमी सैनिकाची गोष्ट सांगतो, जो एका अनोळखी माणसावर एका रात्रीच्या भेटीवरून विश्वास टाकतो आणि विरुद्ध पुरावे दिसत असतानाही तो ठेवतो. मुलांना मिचेल सगळ्यांत जास्त पटतो, म्हणून मिचेललाच सगळ्यांत जास्त ताणून पहा. नकाराच्या मार्गाने ईश्वराबद्दल बोलण्याचा भाग आला की 'नेति नेति' सांगायचा मोह होईल. सांगा, पण दोन वाक्यांत.

निबंध: पहिल्या महिन्यापासून, परिच्छेद परिच्छेद करून

पूर्ण निबंध नोव्हेंबरपर्यंत मागू नका. एकच परिच्छेद मागा, दर आठवड्याला, आणि दोन दिवसांत तपासून द्या. मुलं पहिल्यांदा असं लिहितात:

'पेली म्हणतो जग घड्याळासारखं आहे. पण ह्यूमच्या मते जग घड्याळासारखं नाही. म्हणून पेली चुकला.'

इथे दोन माणसं शेजारी उभी केली आहेत, ती एकमेकांशी बोलत नाहीत. समासात मी एवढंच लिहिते: 'पेली यावर काय म्हणाला असता?' तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्याच मुलाकडून असं येतं:

'ह्यूमच्या मते जग यंत्रापेक्षा प्राण्यासारखं किंवा रोपासारखं जास्त आहे, आणि रोप कुणी बनवत नाही, ते उगवतं. पण पेलीचा भर साम्यावर नाही. डोळ्याचे भाग पाहण्यासाठी एकमेकांशी जुळले आहेत, यावर आहे. साम्य नाकारलं तरी जुळणी शिल्लक राहते. डार्विनची टीका जास्त खोल जाते, कारण ती जुळणीचंच दुसरं कारण देते.'

चोवीस गुण इथे आहेत. या परिच्छेदात माहिती पहिल्यापेक्षा फार जास्त नाही, पण पूर्वपक्षाला उत्तर द्यायची संधी मिळाली आहे. निष्कर्षाबद्दल मुलांना सांगा की परीक्षकाला त्यांचं मत कोणतं याच्याशी देणंघेणं नाही, ते कशावर उभं आहे याच्याशी आहे. 'दोन्ही बाजूंत तथ्य आहे' हा निष्कर्ष मी लाल शाईने परत करते. कोणत्या बाजूत कोणतं तथ्य, आणि शेवटी पारडं कुठे झुकतं?

जानेवारीपासून घड्याळ लावून लिहायला लावा. पाच मिनिटं आराखडा, तेहतीस मिनिटं लेखन, दोन मिनिटं वाचून काढणं. हाताने, पेनाने, वर्षभर लॅपटॉपवर टिपणं काढणाऱ्या मुलांचे हात तिसऱ्या निबंधाला थकतात आणि ते त्यांना परीक्षेच्या दिवशी कळू नये.

मे महिना

स्टडी लीव्ह (परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी) सुरू होण्याआधीच्या शेवटच्या दोन तासांत मी नवं काही शिकवत नाही, जुन्याची उजळणीही करत नाही. चिठ्ठ्या काढतो, प्रत्येकीवर एका विचारवंताचं नाव. फक्त चिठ्ठ्या मी भरते, आणि प्रत्येकाला त्याला न पटणारी बाजू मिळेल याची काळजी घेते. सहा मिनिटं बोलायचं, कागद न बघता. नंतर ज्याची ती खरी बाजू आहे त्याने उठून सांगायचं की आपलं म्हणणं नीट आलं का. नाही आलं तर पुन्हा बोलायचं.

गेल्या मे महिन्यात एका नायजेरियन पास्टरच्या मुलीला मॅकी आला. दर रविवारी वडिलांच्या चर्चमध्ये गाणारी मुलगी. तिने तीन विधानं फळ्यावर लिहिली, इच्छास्वातंत्र्याचं उत्तर स्वतःच काढलं आणि मॅकीच्या शब्दांत विचारलं: माणूस एकदा स्वतःच्या इच्छेने चांगलं वागू शकतो, तर प्रत्येक वेळी स्वतःच्या इच्छेने चांगलंच वागेल अशी माणसं सर्वशक्तिमान ईश्वराने का केली नाहीत? सहा मिनिटं संपली. वर्गातला सगळ्यांत कट्टर नास्तिक मुलगा मॅकीच्या वतीने उठला आणि म्हणाला, हो, हेच म्हणायचं होतं. मग त्याने स्वतःची चिठ्ठी उघडली. त्याला हिक आला होता. तो फळ्यावरच्या तीन विधानांकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "मिस, हिला उत्तर द्यायचं तर मला आधी पाच मिनिटं हवीत." मी दिली.